आबांची काळी चार आणि अमेरिकेतला टीव्ही

आत्याला लिंक नको होती, डिस्क हवी होती. ती न्यू जर्सीत मुलाकडे राहते. तिच्या टीव्हीखाली एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. ट्रे उघडायचा, डिस्क ठेवायची, रिमोटवरचं एक बटण दाबायचं, एवढं तिला येतं आणि त्यापुढचं शिकायची तिची अजिबात तयारी नाही. खानापुरात आमच्या घरी आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, भजनाच्या डीव्हीडी पडून होत्या. त्यातल्या एकीची प्रत मी तिकडे निघालेल्या ओळखीच्या मुलाबरोबर पाठवली. थोड्या दिवसांनी आतेभावाचा फोन आला. लॅपटॉपवर डिस्क झकास चालते, प्लेअरमध्ये घातली की मात्र ‘ही डिस्क चालणार नाही’ अशा अर्थाची एक ओळ येते आणि ट्रे बाहेर.

निम्मं निदान या फोनातच झालं. लॅपटॉपवर चालते म्हणजे डिस्क खराब नाही, वाचता येते. अडतंय ते प्लेअर आणि टीव्हीच्या जोडीत. आपल्याकडची डिस्क पाल पद्धतीची, तिकडचा टीव्ही एनटीएससीचा. टीव्हीच्या चित्राच्या या दोन वेगळ्या पद्धती. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती मुकाट्यानं चालवतात, त्यामुळे असा काही भेद असतो हे आपल्याला आयुष्यभर कळत नाही. अमेरिकेत विकले गेलेले बरेच प्लेअर मात्र फक्त स्वतःची पद्धत ओळखतात.

बेळगावात गणपत गल्लीच्या आसपास जुन्या कॅसेटच्या डिस्क करून देणारं एक दुकान आहे. तिथं डिस्क दाखवली. मालक म्हणाले, “रिजन काढून देतो की. उद्या सांजच्याला या.”

मी म्हटलं, “रिजन नाही हो, पाल-एनटीएससी.”

“एकच की ते, मर्दा. परदेशाचं म्हटल्यावर रिजनच आलं.”

एकच नाही. रिजन म्हणजे सिनेमा कंपन्यांनी धंद्यासाठी मारलेलं कुलूप. अमेरिका-कॅनडा १, भारत ५, अशी जगाची वाटणी करून एका भागातली विकतची डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालू नये अशी सोय. घरगुती किंवा लग्नाच्या शूटिंगच्या डिस्कवर हे कुलूप नसतंच, तेव्हा काढायचं काय? पाल आणि एनटीएससी हा प्रकार याहून जुना आहे आणि तो कुणी मुद्दाम अडवणूक म्हणून केलेला नाही. त्याचं मूळ विजेत आहे.

आपली वीज, मग ती इकडे कर्नाटकात हेस्कॉमची असो की पलीकडे चंदगडात महावितरणची, सेकंदाला ५० आवर्तनांची. अमेरिकेची ६०. टीव्हीची मानकं ठरली त्या काळात चित्राचा वेग विजेशी जुळता ठेवणं सोयीचं होतं, नाहीतर पडद्यावर सावलीचे पट्टे सरकत राहायचे. म्हणून तिकडे ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० अर्धी चित्रं, इकडे ६२५ रेषा आणि ५०. अर्धी अशासाठी, की जुना टीव्ही एका वेळी पूर्ण चित्र काढत नसे. आधी एक सोडून एक रेषा, मग राहिलेल्या रेषा. या अर्ध्याला फील्ड म्हणतात. दोन फील्ड मिळून एक फ्रेम. अमेरिकेनं १९५३ साली याच चौकटीत रंग बसवला तेव्हा रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून चित्रावर जाळी उमटू नये म्हणून वेग हजारात एका भागानं उतरवला. तेव्हापासून तिथं ३० फ्रेमच्या जागी २९.९७ आणि ६० फील्डच्या जागी ५९.९४ असा विचित्र अपूर्णांक कायमचा बसला. पाल पद्धत जर्मनीत टेलिफुंकन कंपनीत वॉल्टर ब्रूख यांनी तयार केली आणि तिथं १९६७ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झालं. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी टीव्ही रंगीत झाला तो पालमध्येच.

गंमत अशी की डीव्हीडीवर पालचा रंग नसतोच. तिथं असतं एमपीईजी-२ चं डिजिटल चित्र. रंगाची पाल किंवा एनटीएससी लहर प्लेअर बाहेर पाठवताना तयार करतो. डिस्कला आपण पाल म्हणतो ते फक्त दोन आकड्यांमुळे: चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी डिस्क म्हणजे ७२० बाय ४८० आणि २९.९७. रेषा कमी करणं सोपं आहे. पण सेकंदाला ५० फील्ड टिपली आहेत आणि तिकडच्या टीव्हीला जवळपास ६० हवीत, तर वरची दहा आणायची कुठून? सगळा घोळ या प्रश्नात आहे आणि त्याला पूर्ण खरं असं उत्तर नाही. कुठली खोट चालवून घ्यायची एवढंच आपल्या हातात असतं.

दुकानातून आलेली डिस्क एनटीएससी होती हे खरं. मालकांनी शब्द पाळला होता. लॅपटॉपवर लावून मी टाळकऱ्यांपाशी थांबवली आणि बघतच राहिलो. प्रत्येकाला चार-चार हात, म्हणजे जोडी सोडून वर आणखी एक फिकट जोडी, आणि कडांना जाडसर आडव्या रेघा. फील्ड सुटी न करताच ५७६ रेषांचं चित्र दाबून ४८० मध्ये बसवलं होतं. सम आणि विषम रेषा वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. त्या एकमेकींत कालवल्या की नंतर कुणीही त्या वेगळ्या करू शकत नाही. त्याच्यावर दोन फ्रेम मिसळून मधली फ्रेम बनवली होती. बसून बोलणाऱ्या माणसाला हे खपून गेलं असतं, पण टाळ वाजवणाऱ्याचा हात एका जागी किती वेळ असतो?

दिवसभर पतसंस्थेत आणि रात्री घरी लॅपटॉप, असं मग मीच सुरू केलं.

पहिलं काम कपाट उपसण्याचं. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस कसा असतो हे इकडच्याला सांगायला नको, आणि तो खानापूरलाही सोडत नाही. भिंतीला ओल, कपाटाला वास, कागदाला बुरशी. व्हिडिओ कॅसेट तर कधीच पांढऱ्या पडून गेलेल्या. डिस्क त्यामानानं टिकल्या होत्या, पण ज्यांच्यावर स्टुडिओवाल्यानं फोटोचं स्टिकर चिकटवलं होतं त्यांची कड ओलीनं उचलली होती. स्टिकर ओढून काढायचं नाही. ओढताना डिस्कचे एकमेकांना चिकटवलेले दोन थर सुटू शकतात आणि लिहिलेल्या डीव्हीडीत मजकुराचा थर त्यांच्या मधेच असतो. मऊ ओलसर कापडानं मधल्या भोकाकडून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेनंच जातो आणि लांबलचक भाग बाद करतो, आडवा ओरखडा तो ओलांडून जातो.

डिस्कचे दोन गट निघाले. एक स्टुडिओच्या, २००६ च्या नामसप्ताहाच्या. हे शूटिंग मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर झालेलं, पाल. शूटिंग चांगलं आहे, फक्त आबांनी अभंगाचं शेवटचं चरण धरलं की मधोमध गुलाबाची पाकळी फिरत येते आणि त्यातून पुढचा अभंग उघडतो. त्या काळी लग्नाचा असो की सप्ताहाचा, पाकळी सगळ्यांना सारखीच.

दुसरा गट छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्कचा. त्याच सप्ताहाला आतेभाऊ सुट्टीवर आला होता आणि त्यानं अमेरिकेत घेतलेल्या कॅमेऱ्यावर शूटिंग केलं होतं. तो कॅमेरा थेट छोट्या डीव्हीडीवर लिहायचा, एकीवर १.४ जीबी. जाताना त्यानं डिस्क इथंच ठेवल्या. त्या लॅपटॉपला लावल्या तर काही चालल्या आणि काही कोऱ्या दिसल्या. कोऱ्या नव्हत्या. उलटीकडून उजेडात धरल्यावर लिहिलेला गडद पट्टा स्पष्ट दिसत होता. अशा कॅमेऱ्यात शूटिंग संपल्यावर डिस्क फायनलाइज करावी लागते, म्हणजे कुठे काय लिहिलंय याची यादी शेवटी लिहून डिस्क बंद करायची. ते राहून गेलं की कॅमेऱ्याखेरीज कुणाला ती साध्या रीतीनं वाचता येत नाही, आणि तो कॅमेरा तिकडे केव्हाच भंगारात गेला होता. आयसोबस्टर नावाचा प्रोग्रॅम यादीच्या भरवशावर न राहता पट्टी सरळ वाचत जातो आणि चित्राचे तुकडे उचलतो. त्यानं बहुतेक सगळं बाहेर आलं. जिथं स्टुडिओच्या एका डिस्कवर ओरखड्यानं अडत होतं तिथं लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू चालवलं. ते अडलेला भाग सोडून आधी बाकीचा घेतं आणि मग हट्टानं परत मागे येतं. (डिस्क जर वाचताना खरखर करत असेल तर आधी अख्खी आयएसओ, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी एक फाइल, काढा, मग बाकीचे खेळ. दर वेळी डिस्कवरून चालवत बसलात तर ती तुमच्या डोळ्यांदेखत जाईल.)

या छोट्या डिस्क मुळात एनटीएससी. म्हणजे आत्यासाठी त्यांना काहीच करायला नको, असं वाटेल. दिवसाची दिंडी होती तशी घेता आली. पण रात्रीचं मंडपातलं भजन लावलं आणि अख्खा मंडप थरथरत होता. उजेड कमी-जास्त, कमी-जास्त, डोळे दुखतील असा. कॅमेरा बिघडला होता म्हणावं तर दिवसाचं चित्र स्वच्छ.

दोष आमच्या ट्यूबलाइटचा होता, आणि तसा तो ट्यूबचाही नाही. चोकवाली ट्यूब ५० आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळते. अमेरिकेचा कॅमेरा सेकंदाला ६० वेळा बघतो. तीन फील्डच्या वेळात पाच उजाळे, म्हणजे कुठल्या फील्डच्या वाट्याला जास्त उजेड, कुठल्याच्या कमी, आणि हा हिशेब सेकंदाला २० वेळा फिरून येतो. स्टुडिओवाल्याचा पाल कॅमेरा त्याच मंडपात, त्याच ट्यूबखाली, सेकंदाला ५० वेळा बघत होता. त्याच्या प्रत्येक फील्डला बरोबर दोन उजाळे, म्हणून त्याचं चित्र शांत. शूटिंगच्या वेळी आतेभावानं शटर एक शतांश सेकंदावर ठेवलं असतं तर प्रत्येक वेळी एक उजाळा पकडला गेला असता आणि काही दिसलं नसतं. आता तेवढ्यासाठी २००६ मध्ये जाता येत नाही. पण नशिबानं त्या कॅमेऱ्याचं चित्र पट्ट्यापट्ट्यानं नाही, एकदम सगळंच उजळत-मंदावत होतं. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये डिफ्लिकर नावाची चाळणी आहे, ती आजूबाजूच्या फ्रेमचा उजेड बघून सगळ्यांना एका पातळीवर आणते. फील्ड आधी सुटी करून, तीन-तीनच्या गटात ती लावली आणि थरथर इतकी उतरली की माहीत नसलेल्या माणसाला कळणार नाही.

राहिलं मुख्य काम, स्टुडिओच्या पाल डिस्कचं. स्टुडिओच्या शूटिंगमध्ये आबा जवळून दिसतात आणि आवाजही त्यातच चांगला आहे, माइकजवळचा.

वाचताना पहिल्यांदा जो उपाय भेटतो तो सिनेमावाल्यांचा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर काढलेला असतो. पालच्या देशांत तो सरळ २५ नं पळवतात. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि कुणाची तक्रार नसते. पालकडून एनटीएससीकडे जाताना तेच उलटं करायचं: २५ चं चित्र २३.९७६ नं सावकाश चालवायचं आणि मग ठरलेल्या पद्धतीनं फील्ड दोनदा-तीनदा वाटून ५९.९४ भरायची. एकही बनावट फ्रेम नाही, दुहेरी हात नाहीत. दिसायला सुरेख. आवाजही तेवढाच सावकाश होतो, शेकडा चारनं.

तसा एक अभंग करून मी भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांकडे नेला. आबांच्या शेजारी बसून त्यांनी सगळी हयात पेटी वाजवली आहे. मुद्दाम काही सांगितलं नाही, फक्त लावलं.

काका थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “आवाज आबांचाच, खरं आबा आजारी हाईत काय ह्यात?”

“नाही. हट्टेकट्टे होते तेव्हा.”

“मग पेटी दुसऱ्याची. आबांची काळी चार ही न्हवं.” त्यांनी पेटी ओढली, भाता हलवला आणि काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, दाबून धरली. रेकॉर्डिंगमधला षड्ज तिच्या चांगलाच खाली. पांढरी पाच दाबली तर तिच्या किंचित वर. “मधल्यामधी लटकलंय बघ. ह्यासंगं वाजवूचं कसं?”

शेकडा चार म्हणजे स्वराच्या हिशेबात अर्ध्या स्वराचा पाऊण भाग. सिनेमातल्या संवादाला ते कळत नाही. भजनाला कळतं, आणि बापाचा आवाज डोक्यात घेऊन ऐंशीच्या घरात पोचलेल्या मुलीला तर नक्कीच कळतं. शिवाय इथल्या मंडळाला याच रेकॉर्डिंगबरोबर बसून आबांच्या चाली पक्क्या करायच्या होत्या. पट्टी हलली तर त्यांना त्याचा उपयोग शून्य.

पट्टी परत वर चढवून वेग तेवढा सावकाश ठेवता येतो. तेही करून बघितलं. गाणं सहन होतं, टाळ होत नाहीत. टाळाचा ठोका हा इतका टोकदार आवाज आहे की ताणला की त्याची कड मऊ पडते, धातूऐवजी पत्रा वाजल्यासारखा. आणि ठेका सावकाश तो सावकाशच. काकांनी मान हलवली, एवढंच.

मग ठरवलं की वेळेला हात लावायचा नाही. आवाज आहे तसा, ४८ किलोहर्ट्झचा, एका कणानंही न बदलता उचलायचा. जी काही खोट यायची ती चित्रात येऊ दे.

त्याची रीत अशी. आधी ५० फील्डची ५० पूर्ण चित्रं करायची. प्रत्येक फील्डमधल्या गाळलेल्या रेषा आजूबाजूच्या बघून भरायच्या. याला डीइंटरलेस करणं म्हणतात. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी यॅडिफ आणि बीडब्ल्यूडिफ अशा चाळण्या आहेत. एक फील्ड, एक फ्रेम ही वाटणी बीडब्ल्यूडिफमध्ये आपोआप असते, यॅडिफमध्ये निवडावी लागते. नुसतं डीइंटरलेस म्हटलं तर पुष्कळ प्रोग्रॅम ५० ची २५ च करून देतात आणि अर्धी हालचाल तिथंच गळते. ही पूर्ण चित्रं झाल्यावरच ५७६ चं ४८० करायचं, आधी नाही. मग ५० ची ५९.९४. आणि शेवटी परत सम-विषम रेषा गुंफून २९.९७ फ्रेम.

मधली पायरी, ५० ची ५९.९४, तीन तऱ्हांनी होते. जवळचं चित्र पुन्हा दाखवायचं, म्हणजे प्रत्येक पाचातलं एक दोनदा येतं. किंवा शेजारची दोन मिसळायची. किंवा संगणकाला हालचाल ओळखायला लावून मधलं चित्र रचायला सांगायचं. तिसरी तऱ्हा ऐकायला सगळ्यात भारी. माझ्या लॅपटॉपला एका अभंगासाठी रात्र पुरली नाही, आणि सकाळी बघतो तर टाळ आणि बोटं एकमेकांत वितळलेली, एका टाळकऱ्याला सहावं बोट. मिसळण्याची तऱ्हा चालताना गुळगुळीत दिसते. पण आत्या डिस्क कशी बघते हे आतेभावानं सांगितलं होतं: दर मिनिटाला थांबवते आणि “हा कोण? हा त्या वरच्या आळीतल्याचा मुलगा न्हवं?” करत बसते. मिसळलेल्या चित्रावर थांबवलं की दोन तोंडं दिसणार. पुन्हा दाखवण्याच्या तऱ्हेत जिथं थांबवाल तिथं एक अस्सल क्षण मिळतो. दिंडीच्या वेळी कॅमेरा सर्रकन फिरतो तिथं बारीक अडखळ जाणवते, आणि ती मी चालवून घेतली. २५ ची ३० करताना हीच युक्ती फार खटकते, कारण तिथं अडखळ सेकंदाच्या तिसाव्या भागाची असते. ५० ची ६० करताना ती साठाव्या भागाची होते. फील्ड आधी सुटी करण्याचा सगळा फायदा इथं मिळतो.

२९.९७ च्या जागी सरळ ३० लिहायचा मोह टाळावा. हजारात एक म्हणजे किरकोळ वाटतं, पण तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो फरक साडेतीन सेकंदांच्या वर जातो आणि शेवटच्या आरतीला पखवाजावर पडणारा हात आणि त्याचा आवाज यांची फारकत होते.

प्रत्येक अभंग वेगळी फाइल म्हणून केला. कारण कलात्मक नाही. पावसात रात्री वीज जाते, लॅपटॉपच्या बॅटरीत आता जीव नाही, आणि तासाची एकच फाइल शेवटच्या पाच मिनिटांत मेली की माणूस काय बोलतो ते इथं लिहिता येणार नाही. पुढे डिस्कवर प्रत्येक अभंगाला वेगळा चॅप्टर देताना याचा आपोआप उपयोग झाला. पाकळ्याही कापता आल्या. एक ठेवली.

एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि ही जीबी डिस्क बनवणाऱ्यांच्या मोजमापाची असते, संगणक तीच जागा ४.३७ दाखवतो. तेवढ्यात १०० मिनिटं बसवायची तर आवाज धरून सेकंदाला सव्वासहा मेगाबिटच्या आत राहावं लागतं. सगळा सप्ताह एका डिस्कवर कोंबला असता तर टाळांच्या गर्दीत चौकोन चौकोन दिसले असते. म्हणून दोन डिस्क केल्या. डीव्हीडीस्टायलर या डिस्क बनवायच्या प्रोग्रॅममध्ये मेनू केला, मोठ्या अक्षरांत, मराठीत. प्रोजेक्ट उघडतानाच एनटीएससी निवडावं लागतं. एका डिस्कवर दोन्ही पद्धतींची सरमिसळ चालत नाही, आणि आस्पेक्ट, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, ४:३ असं सांगून ठेवावं लागतं. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात, पालचे जरा रुंद, एनटीएससीचे जरा उंच. टीव्हीला ते सांगितलं नाही तर आबा एक तर लांबट नाही तर बुटके.

कोऱ्या डिस्क मिळवणं मात्र वेगळंच प्रकरण निघालं. बेळगावात मोबाइलची दुकानं हाकेच्या अंतरावर, पण कोरी डीव्हीडी विचारली की पोरं हसतात. शेवटी खडेबाजारात लग्नाच्या शूटिंगचं सामान विकणाऱ्याकडे जुना साठा होता. त्यानं गड्डी काढली, धूळ फुंकली आणि म्हणाला, “अजून लागल्या तर सांगा, घ्यायलाच कोण येत न्हाई.” डिस्क लिहिताना वेग सर्वांत कमी ठेवला आणि नाव मऊ पेननं मधल्या पारदर्शक कड्याजवळ घातलं. स्टिकर लावलं नाही.

आणि मग तपासणीत अडकलो. डिस्क तिकडच्या टीव्हीवर चालणार की नाही, हे इकडच्या टीव्हीवर कसं कळणार? आमचा प्लेअर पाल चालवतो, एनटीएससी चालवतो, आणि सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार पाल ठरवून ठेवला असेल तर एनटीएससीचं आतल्या आत पाल करूनही दाखवतो. डिस्क चुकीची असली तरी चित्र येणारच. दुकानदार “चालवून दाखवतो” म्हणतो ती चाचणी म्हणूनच फोल. मी प्लेअरचं सेटिंग ऑटोवर टाकलं आणि टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं. कोपऱ्यात ४८०आय, ६० हर्ट्झ असं आलं. जुनी पाल डिस्क लावली तर ५७६आय, ५० हर्ट्झ. लॅपटॉपवर मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनंही तेच सांगितलं. त्याखेरीज आधी एक छोटी डिस्क, दोनच अभंगांची, तिकडे निघालेल्या एकाबरोबर पुढे धाडली आणि ती आत्याच्या प्लेअरवर चालल्यावरच बाकीच्या लिहिल्या.

पूर्ण जोडी पोचल्यावर आत्याचा फोन आला. तो चित्राबद्दल नव्हता, आवाजाबद्दलही नव्हता. दुसऱ्या डिस्कवर पखवाजाला बसलेला पोरगा कोण, आणि त्याला आबांनी गौळणीच्या आधी डोळे का वटारले, हे तिला हवं होतं. काकांना विचारून सांगतो म्हटलं. मंडळासाठी मी एनटीएससीची प्रत दिली नाही. मूळ पालवरूनच नुसते चॅप्टर पाडून दिले. आपल्या टीव्हीवर ५० चं ५० असताना उगाच का ५९.९४ च्या गाळणीतून काढायचं? काकांनी पेटी लावून बघितली, काळी चार बसली.

मध्यंतरी आतेभावानं त्यांच्या घरच्या सत्यनारायणाची डिस्क पाठवली, अर्थात एनटीएससी. आमच्या प्लेअरमध्ये घातली आणि ती लगेच चालू झाली. मी फक्त तिची आयएसओ काढून हार्ड डिस्कवर टाकली, आबांच्या फोल्डरशेजारी.